चवथीची पानं पोरं मांडणार: कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

यंदा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरात त्या दिवशी दुपारी तीस-पस्तीस माणसं जेवायला असतात आणि पानं मांडायला ऐनवेळी कोणी म्हणजे कोणीच नसतं, बायका चुलीपाशी, पुरुष माटोळीखाली (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची सजावट) गप्पा मारत, आणि पोरं अंगणात फटाके लावत. म्हणून यंदा ठरवलंय की पानं पोरं मांडणार. अडीच महिने आहेत. मडगावच्या वहिनीला पण तिच्या मुलांबरोबर हेच करायचंय आणि तिने बजावून ठेवलंय की काय जमलं ते नंतर सांग, काय जमलं नाही ते आधी लिही. म्हणून या नोंदी.

पोरं तीन. थोरली ९ वर्षांची, पुतण्या ७ चा आणि डावखुरा, बारकी पाचाला टेकलेली. रोज खाली पंगत बसत नाही त्यामुळे सुरुवात टेबलापासून. टेबल सहा माणसांचं, एक लांब बाजू भिंतीला लागून, तिथल्या खुर्च्यांच्या मागे जायला जागा नाही. हे आत्ता फुटकळ वाटेल पण पुढे याच्यानेच डोकं खाल्लं.

आज नुसतं बघितलं की यांना मुळात काय येतं. म्हटलं, जेवायला बसतोय, टेबल लावा, आणि गप्प उभी राहिले. थोरलीने ताटं ठेवली आणि सगळ्या वाट्या एकात एक रचून मधोमध. पुतण्याने चमच्यांचा अख्खा ड्रॉवर उपडा केला, त्यात चहाची गाळणी पण आली. बारकीने कार्टूनचा ग्लास आणला, एकच, स्वतःचा. मीठ नाही, पाणी नाही, गरम टोपाखाली आडणी नाही. किती जण जेवायला आहेत हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही.

१५ जून

चार्ट पेपरवर मॅट केल्या. ताटाचा गोल, दोन वाट्यांचे गोल, ग्लासचा गोल, चमच्याची आकृती, स्केचपेनने रंगवून. बाजारात झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री लॅमिनेशन, एकाला ६० रुपये, सहा मॅटचे ३६०. चार्ट पेपर आणि पेनं घरातलीच.

पहिल्या दिवशी काय सुंदर चाललं, गोलावर गोल, दोन मिनिटांत टेबल तयार. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मॅट लपवल्या तर परत वाट्यांचा मनोरा मधोमध. म्हणजे पोरं टेबल लावत नव्हती, आकार जुळवत होती. बारकीच्या प्लेस्कूलमध्ये लाकडी ठोकळ्यांचं असतं तेच हे, भोकात ठोकळा बसला की काम संपलं, का बसला याचा विचार कशाला.

वर लॅमिनेशन पावसाळ्यात टिकत नाही. ओलं ताट त्याला चिकटतं आणि ताट उचललं की मॅट पण वर येते, एकदा त्यावरची सोलकढीची वाटी गेली. कडा सुटल्या, आत दमट हवा शिरली, रंग पसरले. ३६० रुपये पाण्यात.

त्याऐवजी आता असं चाललंय: ऑफिसमधून फुकट मिळालेल्या जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू, आणि आकार मी काढायचे नाहीत, ज्याचं पान त्याने स्वतःचं ताट-वाटी ठेवून पेन्सिलने काढायचे. मग रोज रात्री एक आकार खोडायचा. आधी चमचा खोडला, मग ग्लास, मग वाट्या. खोडलेल्या जागी काय होतं ते आठवायला लागतं. थोरली आणि पुतण्याला हे चालतंय. बारकी ताटाच्या गोलात डोळे-नाक काढते आणि मग त्या तोंडावर ताट ठेवायला रडते. तिच्यासाठी दुसरं काहीतरी बघायला हवं.

२२ जून

शर्यत लावली. दोन टीम, मी आणि बारकी विरुद्ध ती दोघं, घड्याळ लावून, कोणाची बाजू आधी तयार. हे कुठल्याही मुलांच्या पार्टीत चालतं ते इथे पण चालेल असं वाटलं. काचेचा ग्लास फुटला, बारकी बोटभर कापता कापता राहिली, आणि शर्यत संपल्यावर टेबल बघितलं तर ताटं अशी फेकलेली की दोन कडेवरून अर्धी बाहेर. वेगासाठी मार्क दिले की पोरं वेगच देतात. शर्यत बंद.

फुटणार नाहीत म्हणून प्लास्टिकच्या प्लेट-ग्लास आणायला गेले तर दुकानदार हसला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे सगळ्यावर देशभर बंदी आहे, आणि मी आपली तशीच विचारत होते. सुपारीच्या पानाच्या प्लेट घेतल्या, दहाचं पाकीट ९० रुपये. सरावाला त्या हलक्या पडतात, पंख्याखाली सरकतात. शेवटी स्टीलच बरं. पडलं तर फुटत नाही आणि आदळलं तर आख्ख्या घराला कळतं, तेवढ्या आवाजानेच पोरं जपून ठेवायला लागली.

शर्यतीच्या जागी आलेला खेळ मात्र एक नंबर निघाला. मी टेबल मुद्दाम चुकीचं लावते आणि तिघांना बोलावते, चुका शोधा. वाटी उपडी, एका ताटाला दोन चमचे, दुसऱ्याला एकही नाही, मिठाच्या बरणीत साखर, एक खुर्ची जास्त आणि तिच्यासमोर ताटच नाही, आणि चहाची गाळणी (ती आता कायमची पाहुणी आहे). यात बारकी सगळ्यात पुढे. तिला आकार काढता येत नाहीत पण दुसऱ्याचं चुकलेलं बरोब्बर दिसतं. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. दोन दिवसांनी पोरांनीच माझ्यासाठी चुकीचं टेबल लावलं आणि मला शोधायला लावलं, आणि चुकीचं लावायला आधी बरोबर काय ते माहीत असावं लागतं, त्यामुळे तो दिवस मी मोठा धरते.

२९ जून

डावं-उजवं. इथे आठवडा गेला.

थोरलीला शाळेतल्या कुणी शिकवलंय की दोन्ही हातांची तर्जनी आणि अंगठा जुळवून इंग्रजीतला बी आणि डी करायचा, डाव्या हाताचा बी म्हणजे ब्रेड डावीकडे, उजव्या हाताचा डी म्हणजे ड्रिंक उजवीकडे. ती खूष. पण पुतण्या अजून वहीत बी आणि डी उलटे लिहितो, त्यामुळे तो हात बघतो आणि जास्तच गोंधळतो. ज्या मुलाला डावं-उजवं येत नाही त्यालाच ती अक्षरं पण येत नसतात.

मग बारकीला सांगितलं, जेवतो तो हात उजवा. ते ऐकून पुतण्याने डावा हात वर केला. तो डाव्यानेच जेवतो. सासूबाईंना ते अजून रुचत नाही पण बोलणं सोडलंय. शेवटी उजव्या मनगटाला लाल दोरा, तिघांच्याही. हा उपाय टिकला.

आणि मग खरा घोळ पाण्याच्या ग्लासाचा. बी-डीच्या हिशेबाने पाणी उजवीकडे. सासूबाई आल्या, सगळे ग्लास उचलले आणि डावीकडे ठेवले. थोरली म्हणाली, आजी, चुकलं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, उजवा हात भाता-हुमणाने (माशांच्या आमटीने) बरबटलेला असतो, त्याच हाताने पेला धरणार? डाव्या हाताने पाणी प्यायचं, म्हणून पेला डावीकडे." थोरली माझ्याकडे बघायला लागली की आता काय. मी म्हटलं, आज हाताने जेवून बघ आणि उजवीकडचा ग्लास उचल. तिने उचलला. ग्लासवर बोटांचे पिवळे ठसे उठले आणि तो हातातून निसटायला लागला, एवढं पुरलं.

म्हणजे हाताने जेवायचं असेल तर पाणी डावीकडे, आणि काट्या-सुरीने जेवायचं असेल तर हात कोरडे असतात तेव्हा उजवीकडे. दोन्ही बरोबर. आता टेबल लावायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न ठरला, आज कशाने जेवायचंय. पुतण्याने लगेच विचारलं की मग मी डाव्या हाताने जेवतो तर माझा ग्लास कुठे. उजवीकडे. हे त्याने स्वतःच ओळखलं, आणि तेव्हापासून तो स्वतःचं पान उलटं मांडतो आणि बाकीच्यांचं सुलटं, एकदाही न चुकता. मॅटने जे झालं नाही ते बरबटलेल्या ग्लासाने झालं.

६ जुलै

आता भिंतीचा प्रॉब्लेम. भिंतीकडच्या तीन जागा पोरं समोरून, टेबलावरून वाकून लावतात, त्यामुळे तिथलं सगळं आरशातल्यासारखं उलटं. ग्लास उजवीकडे, चमचा डावीकडे. दोरा पण फसतो कारण दोरा लावणाऱ्याच्या हाताला आहे आणि जेवणारा समोर तोंड करून बसणार आहे. टेबल ओढून खुर्च्यांमागे जागा केली तर फ्रिज उघडत नाही.

सध्या नियम असा: ज्या खुर्चीचं पान, त्या खुर्चीवर आधी जाऊन बसायचं, बसून मांडायचं, उतरायचं, पुढची खुर्ची. वेळ दुप्पट लागतो. पण चुकत नाही.

१३ जुलै

शेजारच्या आंटींकडे. त्यांनी स्वतःहून बोलावलं, थोरलीने त्यांना सांगितलं होतं आम्ही टेबल शिकतोय म्हणून. त्यांच्याकडे सासूच्या काळातला काट्या-सुऱ्यांचा लाकडी डबा आहे, आत निळी मखमल, नाताळ आणि फेस्तालाच (चर्चच्या सणाला) उघडतात. तो पोरांच्या हातात दिला. मीच घाबरून बसले होते.

आंटींची शिकवायची पद्धत: काही शिकवलंच नाही. पोरांनी मांडलं, जसं सुचेल तसं, आणि त्यांनी त्याच टेबलावर जेवण वाढलं, कटलेट आणि पोई (गोव्याचा पाव), सकाळीच पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची. पुतण्याची सुरी धार बाहेर करून ठेवलेली होती. बारकीने बाजूने हात पुढे केला तशी आंटींनी तिचा हात धरला आणि पुतण्याला म्हणाल्या, बघ, तुझ्या सुरीचं तोंड तिच्याकडे आहे. त्याने सुरी फिरवली, धार ताटाकडे. काटा डावीकडे का ते कटलेट कापताना कळलं. चमचा सुरीच्या बाहेरच्या बाजूला कारण सूप आधी येतं आणि बाहेरून आत यायचं. ग्लास सुरीच्या टोकाच्या वर. पोईची छोटी प्लेट डाव्या हाताला.

आणि एक माप दिलं त्यांनी जे मला फार आवडलं: टेबलाच्या कडेपासून अंगठ्याचं एक पेर सोडून सगळं एका रेषेत. बारकीचं पेर म्हणजे अर्धा इंच पण नाही, पण ती टेबलाच्या चारी बाजूंनी पेर लावत फिरली आणि सगळ्यांचे चमचे तिने सरळ केले. तिचं काम सापडलं.

येताना तिघं एका सुरात "देव बरें करूं, आंटी", आणि घरी येऊन थोरलीने न सांगता तेच टेबल परत मांडून दाखवलं. पाच आठवडे मी खोटं खोटं टेबल लावत बसले होते आणि इथे एका जेवणात काम झालं. कारण दिसतंय. ज्या पानावर कोणी जेवत नाही त्यात बरोबर-चूक असं काही नसतंच, ग्लास डावीकडे काय आणि उजवीकडे काय. आजपासून खोटा सराव बंद. रोज रात्रीचं जेवण हाच सराव, आणि ज्याने मांडलं त्याने दुसऱ्याच्या पानावर बसायचं.

२० जुलै

रोजचं सुरू आहे. वाटणी: पुतण्या मोजतो आणि ताटं, थोरली वाट्या-चमचे-आडणी, बारकी मीठ आणि पेर.

मोजणं हेच सगळ्यात कच्चं होतं. पुतण्या खुर्च्या मोजायचा, माणसं नाही. मग रोज संध्याकाळी त्याने घरभर फिरून प्रत्येकाला तोंडाने विचारायचं, जेवणार का, असं केलं. नवरा दोनदा बाहेर जेवून आला आणि पान वाया गेलं, तर आता पुतण्या त्याला दुपारीच फोन लावतो. स्वतःच्या अकलेने त्याने एक गोष्ट वाढवली: एक ताट-वाटी जास्तीची बाजूला काढून ठेवतो, पाहुण्याची म्हणून. राहू दिली.

मासेमारी बंद आहे, ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, त्यामुळे ताट सध्या साधं, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर म्हणजे कोरडी कोशिंबीर, एखादं तोणाक म्हणजे वाटणाची उसळ. पण परवा नदीतले मासे मिळाले आणि बारकीने सगळ्यांच्या ताटाच्या कडेला एकेक रिकामी वाटी आणून ठेवली. काय गं हे, तर म्हणे काट्यांची. पाच वर्षांच्या मुलीने जेवण काय आहे ते बघून मांडणी बदलली. हे मी शिकवलेलं नाही.

वैताग पण आहे. रोज म्हणजे रोज आठ वाजता कुणीतरी म्हणतं आज माझा टर्न नाही. मी टर्नचा तक्ता लावला होता फ्रिजवर, तो भांडणाचंच साधन झाला, काढून टाकला. ज्याचं काम ते कायम त्याचंच, बदल महिन्याने.

२७ जुलै, श्रावणातला पहिला रविवार

पहिली खालची पंगत. घरातलेच आठ जण. परसातल्या केळीची पानं, पण पावसा-वाऱ्याने चिरलेली, चांगली चार मिळाली, बाकीची बाजारातून, पाचाला ४० रुपये. पानं धुऊन पुसायचं काम पोरांचं, मागच्या जाड दांड्याची उंचवट छाटायचं माझं, नाहीतर पान जमिनीवर बसत नाही आणि कढी घरंगळते.

आणि भिंतीकडच्या खुर्चीचा प्रॉब्लेम इथे दहापट होऊन आला. आमच्याकडे पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, देठाची बाजू उजवीकडे. पण पंगतीत मांडणारा नेहमीच समोरून येतो. पोरांनी ओळीने सगळी उलटी टाकली. प्रत्येक पाटावर बसून मांडायचा नियम इथे चालत नाही, ओल्या पायांनी पाटावर चढून-उतरून सगळा चिखल झाला.

उपाय थोरलीने काढला, आणि इतका सोपा आहे की मला राग आला. आमच्या हॉलच्या एका टोकाला देव, दुसऱ्या टोकाला दार. दोन ओळी समोरासमोर. एका ओळीत बसलं की उजवा हात देवाकडे, समोरच्या ओळीत बसलं की उजवा हात दाराकडे. म्हणजे डावं-उजवं विसरायचंच. या ओळीचे सगळे देठ देवाकडे, त्या ओळीचे सगळे देठ दाराकडे. खडूने भिंतीवर बाण काढून ठेवलेत. कोणीही कुठूनही मांडलं तरी चुकत नाही. वहिनी, हे तू पहिल्याच दिवशी कर.

महिरप फसली. थोरलीने पानांभोवती रांगोळीची सुरेख वेलबुट्टी काढली, नवऱ्याने येऊन पंखा लावला. रांगोळी पानावर. सगळी पानं परत धुतली, जेवायला तीन वाजले.

३ ऑगस्ट

मंगळवारी नागपंचमी झाली, पातोळ्या. हळदीच्या पानांवर पोरांनी पीठ थापलं, मांडण्याचा विषय नव्हता पण हात पिठात असल्याने एक कळलं, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून बोटाने रेघ ओढली की वाळल्यावर पंखा काही करू शकत नाही. आज तशी महिरप. श्रावणात वाळायला तासाच्या वर लागतो, तेव्हा सकाळीच काढून ठेवायची.

१० ऑगस्ट

पत्रावळी. आपण लहानपणी फणसाच्या पानांच्या हीर (नारळाच्या झावळीची काडी) टोचून शिवायचो तशा पोरांनी शिवाव्यात अशी फार हौस होती मला. नाही जमलं. ताज्या पानांच्या देठाचा चीक बोटांना, मग केसांना, मग सोफ्याला. हातांना खोबरेल लावलं की चीक चढत नाही हे खरं पण मग हातातली हीर निसटते. पानं एक रात्र सुकवून बघितली, चीक गेला पण पान टोचताना फाटायला लागलं. थोरलीची एक पत्रावळ झाली, गोल म्हणावी तर गोल, भात त्यातून खाली. मधल्या बोटांत पुरेशी ताकद लागते, दहा-बारा वर्षांच्या पोरांना जमेल. सोडून दिलं. दोन सुट्ट्या गेल्या त्यात.

१७ ऑगस्ट

पानावर काय कुठे. वर मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, खतखतं (मिसळ भाज्यांचं), तोणाक. मध्ये भाताची मूद, वर वरण, तूप. गोडाचं उजव्या बाजूला खाली.

पोरं फक्त मीठ, लिंबू आणि लोणचं वाढणार, गरम काही नाही, ते ठरलेलं आहे. मीठ बारकीचं, कारण ते मधोमध येतं, त्याला डावं-उजवं नाही. पण वर-खाली आहे! ती समोरून वाकते तेव्हा पानाची वरची कड तिच्या पायाशी येते. तिला सांगितलं, तुझ्या पायाच्या बोटांजवळ मीठ. हे एका फटक्यात जमलं. लिंबाला मात्र थोरलीच हवी, मिठाच्या शेजारी, टोकाच्या बाजूला.

मिठाचं प्रमाण: चमच्याने दिलं की ढीग होतो. आता चिमटीने. चिमूट तिच्या हाताची म्हणजे मोठ्यांना कमीच पडते, मागून घेतील.

पाण्यासाठी दीड लिटरचा स्टीलचा जग घेतला, झाकणाचा, १८० रुपये, मोठा तांब्या पुतण्याच्या हातून भरलेला उचलला जात नाही. पेला अर्धाच भरायचा.

२९ ऑगस्ट

आज जरा बसायला मिळतंय. परवा चवथ, काल पंचम, दोन्ही दिवस पंगत.

महिरप थोरलीने सकाळी आठला काढली. बारापर्यंत लोकांच्या पायांनी निम्मी पुसली. देवाच्या दिशेची बरी राहिली, दाराच्या दिशेची गेलीच. पुढच्या वर्षी दाराकडची ओळ शेवटी काढायची, किंवा काढायचीच नाही.

पुतण्याने आरतीच्या आधी सगळ्यांना विचारून मोजलं, पहिल्या पंगतीला अठरा. पानं वीस टाकली. का रे, तर पाहुण्यांची दोन. आरती संपता संपता नवऱ्याचे मित्र पणजीहून आले, दोघेच. मी काही बोलले नाही, तो मात्र दिवसभर सगळ्यांना सांगत होता.

देठ सगळे बरोबर. वीसच्या वीस. एका मामांनी बसल्यावर स्वतःचं पान फिरवून उलटं केलं, का ते देव जाणे, आणि पुतण्याने कमरेवर हात ठेवून ते परत फिरवायला लावलं. सासूबाई हसून खाली बघायला लागल्या.

बारकी पहिल्या सात-आठ पानांपर्यंत नीट चिमटीने मीठ देत गेली, मग कंटाळली आणि मूठ. शेवटच्या चार पानांवर मिठाचे डोंगर. लोक ते बाजूला सारून जेवले. तिला एकटीला वीस पानं जास्त आहेत, दहा तिला, दहा दुसऱ्या कुणाला.

मोठी अडचण दुसऱ्या पंगतीला आली आणि ती अडीच महिन्यांत कोणालाच सुचली नव्हती. पोरांना भूक लागली. पहिली पंगत मांडून ती त्याच पंगतीत जेवायला बसली, आणि दुसरी मांडायला परत कोणी नाही. मोठ्यांनी घाईघाईत पानं टाकली, भिंतीवरचे बाण कोणी बघितले नाहीत, आणि थोरली मणगण्याची (चणाडाळीच्या खिरीची) वाटी हातात घेऊन ओरडत होती, देठ! देठ! काल पंचमीला मग असं केलं की पोरांना अकरालाच वरण-भात खाऊ घातला, दोन्ही पंगती त्यांनी मांडल्या आणि शेवटच्या पंगतीत मोठ्या माणसांबरोबर बसली, तेव्हा त्यांची पानं मांडली सासूबाईंनी. पुतण्याचा पेला त्यांनी न विचारता उजवीकडे ठेवला.

३१ ऑगस्ट, हिशेब

लॅमिनेशन ३६० (फुकट गेले). सुपारीच्या प्लेट ९०, त्या काल प्रसादाला वापरल्या. जग १८०. सरावाची केळीची पानं मिळून २५० च्या आसपास, चवथीची वेगळी, ती तशीही घेतोच. लाल दोरा घरातला. काचेचा ग्लास एक. कॅलेंडर फुकट. यातला जग आणि दोरा सोडून बाकी काहीच नसतं तरी चाललं असतं.

वहिनीसाठी: मॅट करू नकोस, शर्यत लावू नकोस, फणसाच्या पानांच्या नादाला लागू नकोस. चुकीचं टेबल आणि रोजचं खरं जेवण, इथून सुरू कर. तुझ्या हॉलमध्ये देव आणि दार एकाच भिंतीला आहेत, तेव्हा बाणांसाठी खिडकी आणि टीव्ही धर.

उष्टी काढणं हा विषय अजून कोणी हातात घेतलेला नाही. पानाची घडी घालून उचलायची हे दाखवलं तर पुतण्याने उरलेल्या कढीसकट घडी घातली आणि ती स्वतःच्या शर्टावर. ते आता दिवाळीपर्यंत. दिवाळीला पहाटे फोव म्हणजे पोहे, दुधातले, ताकातले, रोसातले (नारळाच्या दुधातले), गुळाचे, बटाट्याचे, म्हणजे माणशी पाच वाट्या आणि सगळ्या छोट्या. घरात तेवढ्या वाट्या आहेत का ते पुतण्या मोजतोय, बेचाळीसपर्यंत आलाय आणि त्यात गाळणी पण धरलीय.